सम आमच्या नातीलाही मिळू दे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी सरली, भाताची मळणी आटोपत आली, की आपल्याकडच्या शाळांतून गॅदरिंगची तयारी सुरू होते. रस्त्यानं जाताना वर्गातून समूहगीत ऐकू येतं, पटांगणात लेझीम वाजत असते. कुणाला कुठं उभं करायचं हे अजून ठरलेलं नसेल. ते ठरायच्या आत हे पत्र शिक्षकांच्या हाती पडावं म्हणून घाईनं लिहितो आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. वय ६७. गावच्या भजनी मंडळात ४० वर्षं मृदंग वाजवतो. माझी नात ९ वर्षांची आहे, गावच्याच मराठी शाळेत चौथीला. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. तिला सगळं समजतं. बोलते, पण शब्द ओढून ओढून बाहेर येतात. पाय ताठ आहेत. हात उचलायचं मनात आलं तरी तो लगेच उचलत नाही, आणि नको असतो तेव्हा आपसूक उडतो.

गेल्या वर्षी तिच्या वर्गानं समूहगीत बसवलं. वर्गात २२ पोरं, मंचावर २१ उभी राहिली. बावीसावी आईच्या मांडीवर, प्रेक्षकांत पहिल्या रांगेत. ‘तिला उगीच त्रास नको’ असं बाईंचं म्हणणं होतं. बाईंना मला नावं ठेवायची नाहीत. वर्षभर त्यांनी तिला पाणी पाजलं आहे, पावसाळ्यात स्वतःची छत्री धरून व्हरांड्यापर्यंत आणलं आहे. पण तालमीचे तीन आठवडे नातीला दुसऱ्या वर्गात चित्रं रंगवायला बसवलं होतं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिला सबंध गाणं पाठ झालं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आमच्याही नाही. त्या रात्री घरी आल्यावर अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, “आजा, मी कुठं चुकलो?”

ती चुकली नव्हती. तिला चुकायला जागाच कुणी दिली नव्हती. मी ४० वर्षं तालात बसलेला माणूस, आणि घरातल्या पोरीला तालात घ्यायचं माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास समितीच्या, बैठकीत उभा राहून विचारलं, दर शनिवारी सकाळी एक तास मी मृदंग घेऊन येऊ का? शाळेला संगीताचा शिक्षक नाही, त्यामुळं कुणी नको म्हटलं नाही. माझी एकच अट होती. त्या तासाला वर्गातलं कुणीही दुसरीकडं चित्रं रंगवायला जाणार नाही.

पहिले दोन-तीन शनिवार फुकट गेले, ते कसे हे सांगतो, कारण बाकीच्यांचे वाचतील. मी तिच्या हातात टाळ दिले. टाळ म्हणजे पितळ, आमच्या मंडळातले तर चांगलेच जड. दोरी तिच्या बोटांत राहीना. एकदा टाळ निसटून पायावर पडला. शिवाय शेजारच्या पोरानं दणकन टाळ वाजवला की ती सबंध अंगानं दचकायची आणि होती नव्हती ती पकडही सुटायची. मग मी काय केलं, तर तिच्या हातावर माझा हात ठेवून मीच टाळ वाजवला. पोरं खूश झाली, टाळ्या पिटल्या. नातीनं मान फिरवली. तो टाळ तिनं वाजवलेला नव्हता, हे तिला माझ्या आधी कळलं.

फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंना मी ही अडचण सांगितली. त्यांनी विचारलं, “तिचे पाय कुठं टेकलेले असतात?” मी गप्प. पाय कुठंच टेकत नव्हते, खुर्चीवरून लोंबकळत होते. त्यांनी समजावलं, की पाय अधांतरी असले की शरीर तोल सांभाळण्यातच गुंतून राहतं आणि हात मोकळा होत नाही. पुढच्या शनिवारी घरातला जेवायचा पाट नेला आणि तिच्या पायाखाली दिला. पाठीशी उशी, कोपर टेकेल एवढ्या उंचीवर बाक. एवढ्यानंच तिचा हात निम्मा शांत झाला. नऊ वर्षं घरात सांभाळलेली पोर, तिचे पाय कुठं असतात हे आम्ही बघितलं नव्हतं.

मग टाळाकडं वळलो. गावच्या सुतारानं एक फळी केली. फळीला भोक पाडून त्यातून टाळाची दोरी ओवून मागं गाठ मारली, म्हणजे एक टाळ फळीवर पक्का बसला आणि दुसरा तिनं हातात घेऊन त्यावर टेकवायचा. पण पहिल्या फळीवर टाळ वाजेचना, नुसतं टक्‌ व्हायचं. टाळाची कड लाकडाला टेकली की तो मुका होतो. सुतारानं मध्ये सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून घातले, कड फळीपासून सुटी झाली आणि टाळ खणखणला. हातातल्या टाळाच्या दोरीवरही ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड मूठ केली. खर्च म्हणाल तर सुताराचा चहा.

आता खरी गोष्ट तालाची. तिला हात उचलून खाली आणायला वेळ लागतो. आधी मी तिच्यासाठी थांबायचो. सगळं गाणं थांबवून तिच्या हाताकडं बघत बसायचो आणि पोरंही बघायची. त्यात ताल मोडायचा, आणि इतक्या डोळ्यांच्या धास्तीनं तिचा हात आणखी ताठायचा. एका शनिवारी ते सोडून दिलं. भजनी ठेका ८ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांच्या फेऱ्याचा असतो. लय मी उतरवली आणि तिला सांगितलं, “बाय, बाकीच्या सात मात्रा ह्यांच्या. सम तेवढी तुझी.” म्हणजे पहिली मात्रा. आठ मात्रांतून एकदा टाळ. मधल्या सात मात्रा तिच्या हाताला निघायला आणि पोचायला मोकळ्या. शेजारी बसणाऱ्या पोरीला शिकवलं, की चौथी मात्रा आली की नातीच्या गुडघ्याला हलकंसं बोट लावायचं. ती निघायची खूण. सुरुवातीला चौथीला निघालेला हात दुसरीला पोचायचा, मग खूण तिसऱ्या मात्रेवर आणली. लय किती, खूण कितव्या मात्रेवर, हे प्रत्येक पोराचं वेगळं निघेल, ते बसून बघावं लागतं. ज्यांनी ताल केला आहे त्यांना हे सांगायला नको.

ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पाऊस आणि दमट हवेनं माझ्या मृदंगाची पुडी सैल पडलेली, अशा एका सकाळी तिची सम पडली. अगदी समेवर. मग पुढचीही. तिसरी चुकली, पण ताल कुणासाठी थांबला नव्हता, आठ मात्रा फिरून सम पुन्हा आली आणि ती तिला सापडली. “आजा, मी वाजिवलो बघ!” या वेळी मी नुसता मृदंगावर होतो.

त्या वर्गात आणखी दोघं आहेत. एका मुलाला ऐकू फार कमी येतं, कानाला यंत्र आहे. त्याला गाण्याच्या तासाला काय द्यायचं, असं सगळ्यांनाच वाटायचं. तो टाळांच्या घोळक्यात बसला की कान धरायचा. त्याच्या आईनं सांगितलं, की यंत्र सगळंच मोठं करतं, टाळाचा तीव्र आवाज त्याला टोचतो. मग त्याला टाळांपासून लांब, माझ्या डाव्या हाताला घेतलं. मृदंगाची डावी बाजू आम्ही कणीक लावून खर्जात उतरवतो, तिची थाप लाकडी खोडातून आरपार जाते. त्यानं खोडावर तळवा ठेवला आणि डोळे मोठे केले. आता तो एक हात खोडावर ठेवतो आणि दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका धरतो. ठेका तो माझ्याहून जास्त चुकत नाही, हे मी कौतुकानं नाही, तालाचा माणूस म्हणून सांगतो. कानानं सूर पोचत नसला तरी लय कातडीतून, हाडातून पोचते. एव्हेलिन ग्लेनी नावाच्या स्कॉटलंडच्या बाई लहानपणी बहिऱ्या झाल्या आणि तालवाद्यं वाजवून जगभर गाजल्या. वाद्यांचा कंप पायांना कळावा म्हणून त्या अनवाणी वाजवतात. माझ्या मुलानं मोबाईलवर मला ते दाखवलं, मी त्या मुलालाही दाखवलं.

दुसरा मुलगा स्वमग्न आहे. मृदंगावर थाप पडली की कानावर हात ठेवून दाराबाहेर पळायचा. त्याला ओढून आणू नका, असं मी पोरांना बजावलं. बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत काम करणाऱ्या माझ्या पुतण्यानं कानावर घालायचं मफ आणून दिलं, कामगार मशीनजवळ घालतात ते. आता थाप मारण्याआधी मी हात वर धरतो, त्याला दिसू देतो, मग मारतो. फळ्यावर बाई दर वेळी चार चित्रं काढतात. आधी प्रार्थना, मग टाळ्या, मग मृदंग, मग शांत बसणं. एक झालं की ते चित्र पुसायचं. पुढं काय येणार हे ठाऊक असलं की तो थांबतो. गाणंही मी दर शनिवारी बदलत नाही. बाकीची पोरं कुरकुरली, पण सुरुवातीचं आणि शेवटचं एकच ठेवलं. तो अजून दारातच बसतो. शेवटच्या ओळीचा शेवटचा शब्द मात्र दारातून, मफ वर करून, बरोबर सुरात म्हणतो. मला तेवढं पुष्कळ आहे, आणि त्याच्या आईलाही.

तालुक्याच्या बीआरसीतून, म्हणजे गट साधन केंद्रातून, महिन्यातून एकदा रिसोर्स टीचर बाई येतात, दिव्यांग मुलांसाठी. त्या कन्नड, आमच्या सुनेचं कन्नड मोडकंतोडकं. इतकी वर्षं दोघींचं बोलणं फॉर्म आणि सहीपलीकडं जात नव्हतं. एका शनिवारी त्या तासाला बसल्या आणि त्यांनी टाळ मागून घेतले. त्यांच्या गावीही रोज भजन असतं म्हणे. त्यानंतर दोघी नातीच्या हाताबद्दल अर्धा तास बोलत होत्या, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. चित्रांची कल्पना त्या बाईंचीच.

आपल्या मुलखाला गाण्याचं अगत्य आहे. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचं नाव माहीत नाही असा भजनी माणूस इकडं मिळणार नाही. पंचाक्षरी गवई आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई, दोघंही अंध, आणि त्यांच्या हाताखाली किती अंध आणि गरीब मुलं गाण्यात तयार झाली. त्यांच्यापुढं मी हात जोडतो. पण त्यातून आपण एक सोयीचा समज करून घेतला आहे, की अंध मुलाला देवानं गळा दिलेला असतो, त्याला पेटी द्यावी. ज्याचा गळाही नाही, हातही नाही, कानही नाही, त्याचं गाण्याशी काय काम? असं कुणी तोंडानं म्हणत नाही, पण बसवताना तसंच बसवतात. आणि अंध मुलांतही प्रत्येकाला गळा असतो असं नाही. साधंसुधं, चारचौघांसारखं, थोडं बेसूर गाण्याचा हक्क त्यांनाही हवा. डोळस पोरांना तो आहेच.

इथून जवळच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व ऐन उमेदीत क्षयानं अंथरुणाला खिळले, एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद राहिलं. पुढं ते पुन्हा गायले आणि काय गायले! बेळगावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, शाळांचे कार्यक्रम तिथं होतात. त्या मंचावर दम कमी पडणाऱ्या, हात न उचलणाऱ्या पोराला जागा नसावी, हे मला पटत नाही.

शिक्षकांना एक विनंती कळकळीनं करतो. आधी गाणं ठरवून मग पोरं निवडू नका. आधी वर्गातली सगळी पोरं बघा आणि त्यांना झेपेल अशी लय धरा. द्रुत लयीतलं गाणं टाळ्या मिळवतं हे मला मान्य आहे, पण संथ गाणं कमी दर्जाचं नसतं. उलट विलंबित सांभाळणं अवघड, हे कुणाही वादकाला विचारा. एखाद्या पोराकडं एकच घुंगरू असेल, मनगटाला बांधलेलं, पण त्या घुंगराचं गाण्यात काम असू दे. ते वाजलं नाही तर गाण्यात भोक पडलं पाहिजे. नुसतं फोटोसाठी हातात वाद्य देणं, बंद माइकसमोर बसवणं, हे करू नका. पोरांना ते कळतं. माझ्या नातीला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

निवेदकांनाही सांगायचं आहे. ‘आता आपल्यासमोर एक दिव्यांग मुलगी’ अशी सुरुवात कृपा करून करू नका. मंडळी रडतात, उभं राहून टाळ्या वाजवतात, आणि तिनं सम धरली का सोडली हे कुणी ऐकतच नाही. तिचं नाव बाकीच्या २१ नावांबरोबर, हजेरीच्या क्रमानं घ्या.

हे उपकार म्हणून मागत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या १६ व्या कलमात शाळांवर जबाबदारी टाकली आहे, की अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीनं द्यायच्या. प्रवेशाचा भाग बहुतेक शाळा पाळतात. आमच्या नातीलाही कुणी दारातून परत पाठवलं नव्हतं. राहतो तो कलमाचा पुढचा भाग, आणि गॅदरिंग, प्रार्थना, गाण्याचा तास हे सगळं त्यातच येतं. प्रतिभा कारंजीसारख्या शालेय स्पर्धांना पोरं नेतानाही हे आठवावं. स्पर्धेत नंबर हवा असतो, शिक्षकांवर वरून दबाव असतो, हे मी समजू शकतो. पण परीक्षकांनीही समूहगीतात वर्गातली सगळी पोरं आहेत का, हे बघायला सुरुवात केली तर शिक्षकांचं ओझं हलकं होईल. बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, साहेबांनी एवढी सूचना काढली तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि सगळ्यात जास्त मला माझ्याच माणसांशी बोलायचं आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड, जांबोटी, जिथं जाल तिथं भजनी मंडळ आहे. मृदंग आहे, टाळांची पेटी आहे, पेटी वाजवणारा आहे, आणि आम्ही म्हातारे एकादशीची वाट बघत बसलेले असतो. शाळांत संगीताचा शिक्षक नाही ही तक्रार मी वीस वर्षं ऐकतो आहे. तो यायचा तेव्हा येवो, आपण शनिवारी एक तास जाऊ शकतो. विशेष शिक्षण आम्हाला येत नाही, पण समेला कसं आणायचं ते येतं. मंडळात नवा टाळकरी आला की आपण त्याला सांभाळून घेतोच की. चुकला तर दटावत नाही, शेजारी बसवून घेतो, डोळ्यानं खूण करतो, महिन्या-दोन महिन्यांत तो ठेक्यात येतो. तेवढीच विद्या इथं लागते. बाकीचं पोरांच्या आया सांगतात, त्यांना आधी विचारायचं. कुठला आवाज टोचतो, कुठला हात बरा आहे, दमलं की काय करतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

या वर्षी नातीच्या वर्गाचं गाणं ठरलं आहे. त्यात तिच्या वाट्याला २४ समा येतात, तिनं आणि शेजारणीनं बोटांवर मोजल्या आहेत. गेल्या शनिवारी १७ लागल्या. कार्यक्रम जानेवारीत आहे.

फळीवरचा टाळ कुणा शाळेला हवा असेल तर आमचा सुतार करून द्यायला तयार आहे, मजुरी नको म्हणतो, टाळ मात्र तुमचे आणावेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारील त्याला जरूर द्यावा. नातीची ओळख जपायची म्हणून नाव मात्र छापू नये.

आपला,
एक मृदंगवादक आजोबा
ता. खानापूर, जि. बेळगाव